जन्मस्थळाचा रकाना

ला नोरिया गावात मानाने दोन्या एर्लिंडा म्हटलं की पुढे आडनाव लावावं लागत नसे. टेक्सासचं हे शेवटचं टोक. गाव संपलं की ऊस, ऊस संपला की नदी, आणि नदीपलीकडे मेक्सिको. १९५१ पासून १९८७ पर्यंत या गावात जे माणूस जन्माला आलं, ते बहुतेक या बाईच्या हातात पडलं. आत्ताचा महापौर, चर्चची घंटा वाजवणारा, शेरीफचे दोन शिपाई आणि गावातले झाडून सगळे रिकामटेकडे तिचेच. एकूण सहाशे अकरा. आकडा तिचा होता, आणि त्यावर शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती.

बाई बुटकी, बोटं आखूड, नखं मुळापर्यंत कापलेली. बोलणं तुटक. बाळंतिणीच्या घरात पाऊल टाकलं की तिचं पहिलं काम नवऱ्याला बाहेर हाकलण्याचं. सरपणाची गरज असो नसो, त्याला लाकडं फोडायला बसवायची. एखादा दारात घुटमळलाच तर म्हणायची, "तुझं काम नऊ महिन्यांमागेच संपलं. आता कुऱ्हाड उचल." पोर रडेपर्यंत त्या घरचा कॉफीचा घोटही ती घेत नसे. एकदा पोर रडलं की मात्र चार टॉर्टिया आणि वाडगाभर घेवडा मागून खायची, आणि वर मीठ कमी पडलंय म्हणून सांगायची.

ही सुईण आपल्या मावशीच्या हाताखाली तयार झाली होती, पण सरकारी परवान्यासाठी तिला जिल्ह्याच्या गावी सहा आठवडे शिकावं लागलं. तिथे मिस हॅटफील्ड नावाची एक उंच, फिकट नर्स होती. कात्री किती वेळ उकळायची, बाळाच्या डोळ्यांत कोणतं औषध घालायचं, सगळं तिने दुभाषामार्फत शिकवलं. शेवटच्या दिवशी तिने जन्मनोंदणीचा फॉर्म भिंतीवर टांगला आणि जन्मस्थळाच्या रकान्यावर पट्टी ठेवली. दुसऱ्या देशात जन्मलेला माणूस पुढे इथला नागरिक झाला, तर न्यायाधीश होऊ शकतो, सेनापती होऊ शकतो, सिनेटमध्ये जाऊ शकतो, असं ती म्हणाली. फक्त राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नाही. त्यासाठी जन्मतःच नागरिक असावं लागतं. तेव्हा हा रकाना भरताना हात धुतलेला आणि डोकं जाग्यावर असलेलं बरं.

बाकीच्या सुइणी पेंगत होत्या. त्यांच्या मते फॉर्म तो फॉर्म. एर्लिंडाच्या मात्र ते डोक्यात जाऊन बसलं. तिचा बाप जन्मभर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत आला होता, मुकादमाच्या शिव्या खात आला होता. आपल्या घरातल्या कुणाच्या हातात एवढं मोठं काही असू शकतं, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून तिने एक पद्धत पाडली. पोर रडलं की पुसायच्याही आधी ती त्याला खिडकीच्या उजेडात उचलून धरायची आणि म्हणायची, "बघ, तुला राष्ट्राध्यक्ष होता येईल." मुलींनाही हेच. वेणांनी अर्धमेल्या झालेल्या बायकासुद्धा त्यावर हसायच्या. गावाला तर चेष्टेला विषयच मिळाला. चुय नावाचा एक बेवडा रविवारी चर्चच्या पायरीवर आडवा पडलेला असे. लोक तिला मुद्दाम गाठून सांगायचे, "दोन्या, तुमचे राष्ट्राध्यक्ष पायरीवर झोपलेत." ती चालता चालता म्हणायची, "झोपू दे. निवडणुकीला वेळ आहे."

आमच्याकडे माणसाची ओळख दोन शब्दांत होते: अलीकडचा की पलीकडचा. लग्नं, बारशी, मयती, भाजीपाला, दातांचा डॉक्टर, सगळं दोन्ही काठांवर वाटलेलं. पण कायदा म्हणजे नदी. नाळ या अंगाला पडली तर हक्क, त्या अंगाला पडली तर नाही, एवढाच कायदा आम्हाला ठाऊक. आईबापांवरून काही ठरत असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. वकिलाकडे जायचं ते कुणी तुरुंगात अडकला तर. पोर झालं म्हणून वकिलाकडे कोण जातं?

१९७३ च्या सप्टेंबरात पलीकडच्या सान इसिद्रोत एक म्हातारा वारला. त्याची मुलगी एल्विरा ला नोरियात दिलेली होती. तिचा नवरा एवारिस्तो लोंगोरिया कापसाच्या गिरणीत कामाला होता. एल्विराला आठवा महिना लागला होता, तरी बापाच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेसाठी ती पलीकडे गेली. म्हातारा एर्लिंडाच्याही लांबच्या नात्यातला, म्हणून तीही गेली. चौथ्या दिवशी नदीला पूर आला आणि पूल बंद झाला. पाचव्या दिवशी, भर दुपारी, जपमाळ चालू असतानाच एल्विराला कळा सुरू झाल्या.

मुलगी झाली, महिनाभर आधी, मुठीएवढी. एर्लिंडाने सवयीने तिला खिडकीशी उचललं, तोंड उघडलं आणि मिटलं. खिडकीबाहेर सान इसिद्रोची गल्ली होती. तिने पोर पुसलं, गुंडाळलं आणि आईच्या कुशीत दिलं. एल्विराने बघितलं, पण तेव्हा बोलायचं त्राण तिच्यात नव्हतं.

पाणी उतरल्यावर मायलेकी घरी आल्या. एल्विराने लेकीची वाळून पडलेली नाळ रुमालात जपून आणली होती. मुलीची नाळ चुलीपाशी पुरायची ही आमची रीत. एवारिस्तोने आपल्या स्वयंपाकघरातली जमीन उकरून ती पुरली, आणि मग टोपी हातात घेऊन तो एर्लिंडाच्या दारात उभा राहिला. मी इथला, माझा बाप इथला, म्हणाला. चार दिवस पूल बंद होता म्हणून माझी पोरगी परकी? नाळसुद्धा अलीकडे आहे आता. तुम्ही फक्त फॉर्म भरा, दोन्या.

तिने त्याला दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा तो पोरीला घेऊन आला आणि एक अक्षर न बोलता तिच्या मांडीवर ठेवून अंगणात जाऊन बसला. पोर झोपेत ओठ हलवत होतं. एर्लिंडाने बराच वेळ तिच्याकडे बघितलं. मग तिने उठून हात धुतले, फॉर्म काढला आणि त्या रकान्यात ला नोरिया असं लिहिलं. याबद्दल तिने एवारिस्तोकडून काहीही घेतलं नाही. गिरणीतून त्याने पाठवलेली सरकीची पोतीही तिने परत केली.

पोरीचं नाव सानहुआनिता ठेवलं, आणि आमच्याकडच्या सगळ्या सानहुआनितांप्रमाणे तीही पुढे जेनी झाली. पलीकडच्या आजीने तोवर, कुणाला न विचारता, सान इसिद्रोच्या कचेरीत नातीची नोंद करून टाकली होती. नात तिच्या घरात जन्मली होती, तिने खरं तेच सांगितलं. अशा रीतीने एकाच पोरीचे दोन दाखले झाले, आणि पस्तीस वर्षं दोन काठांवरच्या दोन कपाटांत गप पडून राहिले.

जेनी शिकली आणि गावातल्याच शाळेत आठवीला नागरिकशास्त्र शिकवायला लागली. शिक्षिका चांगली होती. दर फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांच्या दिवशी ती फळ्यावर तीन अटी लिहायची: जन्मतः नागरिक, वय पस्तीस, देशात चौदा वर्षं वास्तव्य. मग मुलांना विचारायची, आपल्यापैकी कोण उभं राहू शकतं? पलीकडे जन्मलेल्या मुलांचे चेहरे पडले की त्यांना समजवायची की बाकीचं सगळं तुमचंच आहे. २००९ साली ती वर्गाला म्हणणार होती की यंदा माझीही पस्तिशी झाली, आता मीसुद्धा उभी राहू शकते. हे एर्लिंडाला आपल्या मुलीकडून, ओरालियाकडून, कळलं होतं. ओरालिया शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि शाळेतली कुठलीच गोष्ट तिच्या पोटात राहत नसे.

एवारिस्तो तोवर वारला होता. एल्विरा आजारी पडून माहेरच्या घरी, पलीकडे, बहिणीपाशी राहत होती. जेनी दर शनिवारी तिच्याकडे जायची. त्या जूनपासून पूल ओलांडायला पासपोर्ट लागणार होता, म्हणून जेनीने अर्ज केला. उत्तर आलं की आपल्या नावाची जन्मनोंद मेक्सिकोतही सापडली आहे; आपण या देशात जन्मल्याचा आणखी पुरावा द्या.

ती पत्र घेऊन एर्लिंडाकडे आली तेव्हा अगदी निर्धास्त होती. असे दोन दाखले घरोघर आहेत, पलीकडच्या शाळेत घालायला म्हणून आज्या नोंदी करून ठेवायच्या, हे साऱ्यांना माहीत होतं. एर्लिंडा ब्याऐंशीची झाली होती. गुडघे गेले होते, डोकं शाबूत होतं. तिने कॉफी ठेवली. जेनी म्हणाली की तुम्ही फक्त शपथेवर सांगायचं, मी इथे जन्मले आणि आजीने केलेली नोंद खोटी. वकील कागद तयार करतील. एर्लिंडा कॉफी ढवळत राहिली. तिला कमी ऐकू येतं असं वाटून जेनीने तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं.

मग हसत म्हणाली, "आई अजून तुमच्यावर रुसलेली आहे, माहितीय? सगळ्यांच्या पोरांना राष्ट्राध्यक्ष म्हणायच्या, माझ्याच पोरीला नाही म्हणाल्या, असं बोलता येत होतं तोवर म्हणायची. त्या दिवशी विसरलात ना, दोन्या?"

खोटं बोलायला ही वेळ सोयीची होती. नुसतं हो म्हणायचं होतं.

"विसरले नव्हते," एर्लिंडा म्हणाली.

जेनीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि मग हळूहळू गेलं. तिने पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. एर्लिंडाने तिला सगळं सांगितलं, पूर, जपमाळ, खिडकी, मांडीवर ठेवलेलं पोर. काही लपवलं नाही आणि माफीही मागितली नाही, कारण कुणाची मागायची ते तिला ठरवता येईना. जेनीने एकच विचारलं, बाबांना हे ठाऊक होतं ना? आणि उठून गेली. कॉफी तशीच राहिली.

त्या आठवड्यात ओरालियाने बातमी आणली की जेनीबाईंनी यंदा राष्ट्राध्यक्षांचा धडा घेतला नाही, मुलांना नकाशे रंगवायला बसवलं. छत्तीस वर्षांत तिच्या हातून तीन पोरं गेली होती, त्यांची नावं ती रोज प्रार्थनेत घेई. आता जिवंत असलेल्या एका बाईचं नाव त्या तिघांच्या शेजारी जाऊन बसलं.

दहा दिवसांनी जेनी वकिलाला घेऊन आली. बेनाविदेस त्याचं नाव, वय कोवळं, कोट अंगापेक्षा मोठा. त्याने खुर्ची एर्लिंडाच्या जवळ ओढली आणि विचारलं की एवारिस्तोचा जन्म कुठला. इथला, ती म्हणाली. वाढला कुठे? इथेच. इथल्या शाळेत चार इयत्ता, मग गिरणी. एल्विराशी लग्न चर्चमध्ये झालेलं? झालेलं, आणि कचेरीतही. मुलगी झाली तेव्हा त्याचं वय? चोवीस-पंचवीस.

बेनाविदेसने वही मिटली. मग त्याने जे सांगितलं, ते एर्लिंडाने त्याला तीनदा सांगायला लावलं. बाप जन्मतः नागरिक, लग्न रीतसर, आणि मूल होण्याआधी बापाने या देशात दहा वर्षं काढलेली, त्यातली पाच चौदा वर्षांचा झाल्यानंतर. एवढं असलं की मूल पलीकडे जन्मलं काय, चंद्रावर जन्मलं काय, जन्माच्या क्षणापासून ते या देशाचं नागरिक. जेनी कधी परकी नव्हतीच. एवारिस्तोने तेव्हा खरं सांगून तिकडच्या अमेरिकन वकिलातीत नोंद केली असती, तर दाखला हातात मिळाला असता.

"म्हणजे मी खरं लिहिलं असतं तरी चाललं असतं?" एर्लिंडाने विचारलं.

"फक्त खरं तेच चाललं असतं, दोन्या. अडवलंय ते खोट्याने."

एवारिस्तो अंगणात पाठ करून बसलेला तिला स्पष्ट दिसत होता. त्या बिचाऱ्याकडे सगळं होतं आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. आपल्यालाही नव्हतं. मिस हॅटफील्डने रकान्याबद्दल सांगितलं, बापाबद्दल सांगितलं नाही. की सांगितलं होतं आणि दुभाषाने गाळलं, कोण जाणे.

"आणि राष्ट्राध्यक्ष?" तिने एकदम विचारलं.

बेनाविदेस हसला, पण त्या खोलीत दुसरं कुणी हसत नाही हे बघून सावरला. म्हणाला, "बहुतेक कायदेपंडित म्हणतात की होता येतं. कोर्टाने तसा निकाल कधी दिलेला नाही, तशी वेळच आली नाही. पण जन्मतः नागरिक तो जन्मतः नागरिक."

मात्र त्यासाठी एक गोष्ट लागणार होती. जेनीचा इथला दाखला खोटा आहे, तिकडचा खरा आहे, हे एर्लिंडाने शपथेवर सांगायला हवं होतं. एल्विराला अर्धांग झालं होतं, तिचं बोलणं कुणाला कळत नव्हतं. आजी गेलेली. जन्माच्या वेळी त्या खोलीत असलेलं बोलतं माणूस एकच उरलं होतं. बेनाविदेसने पुढचंही सांगितलं, लपवाछपवी केली नाही. गुन्हा इतका जुना की तुरुंग नाही. पण एकदा खोटं कबूल केलं की तुमचं नाव यादीत जाईल, आणि तुमची सही असलेला प्रत्येक दाखला संशयात येईल. सहाशे दहा माणसं. त्यांना विचारतील, आणखी पुरावा आणा.

जेनी उठून उभी राहिली. "मी तुमच्याकडे काही मागत नाही," ती म्हणाली. "मी नुसतं सांगायला आले." ती खरंच तेवढ्यासाठीच आली होती की काय, हे एर्लिंडाला अखेरपर्यंत कळलं नाही.

ते गेल्यावर ओरालिया स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. एकीसाठी तू सहाशे घरं जाळणार का, तिने विचारलं. जेनी शिकलेली आहे, तिला वकील आहे, नव्याने अर्ज करून ती पुढेमागे नागरिक होईल. राष्ट्राध्यक्ष नाही झाली तर काय बिघडलं? आजवर या गावातून कुणी झालंय?

"नव्याने कशाला होईल? ती आहेच," एर्लिंडा म्हणाली.

ती चार दिवस नीट जेवली नाही. तिच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसत गेला. त्या सहाशे दहांचं खरं आहे. खऱ्याला आज ना उद्या वाट सापडते. शाळा आहे, चर्चचं बारसं आहे, शेजारीपाजारी आहेत. जेनीला आपल्यावाचून कोण आहे? शिवाय ज्या बाईने आपलं एक खोटं स्वतःहून सांगितलं, तिचं बाकीचं खरंच धरतील. तिला हे अगदी उजेडासारखं दिसत होतं. पाचव्या दिवशी तिने चर्चला जायचा काळा झगा काढला आणि ओरालियाला म्हणाली, गाडी काढ.

सरकारी कचेरीत निरोपाप्रमाणे बेनाविदेस आणि जेनी येऊन थांबले होते. टेबलापलीकडे एक तरुण अधिकारी होता, सभ्य, हळू बोलणारा. त्याने तिला पाणी दिलं. तिने सांगितलं, त्याने लिहून घेतलं. मग त्याने विचारलं की असे खोटे दाखले किती.

"एक."

त्याने थोडं थांबून पुन्हा विचारलं. छत्तीस वर्षांत किती?

"एक. सहाशे अकरांत एक."

जबानी वाचून दाखवताना बेनाविदेसने तिला त्या ओळीचा अर्थ सांगितला. तिथे लिहिलं होतं, साक्षीदार किमान एक खोटा दाखला दिल्याचं मान्य करते. एर्लिंडाने सही करायचं नाकारलं. किमान काढा, ती म्हणाली. एकच. अधिकाऱ्याने समजावलं की ही आमची लिहिण्याची पद्धत आहे, त्यात तुमच्यावर आरोप नाही. तिने बेनाविदेसकडे बघितलं, दाराबाहेर बाकावर बसलेल्या जेनीकडे बघितलं. मग सही केली. तीच गोल, शाळकरी सही, सहाशे अकरा दाखल्यांवरची.

ऑगस्टमध्ये जेनीचा पासपोर्ट आला. जन्मस्थळापुढे मेक्सिको लिहिलं होतं आणि तरीही तो पासपोर्ट अमेरिकेचा होता. ती तो घेऊन थेट एर्लिंडाकडे आली. कॉफी झाली, एल्विराच्या तब्येतीचं बोलणं झालं. निघताना जेनी उंबऱ्यात थांबली आणि लहान पोरीसारखी म्हणाली, "आता म्हणाल का?"

एर्लिंडा काठी टेकत उठली. पस्तीस वर्षांची बाई काही उचलून धरता येत नव्हती, म्हणून तिने दोन्ही हातांत तिचा चेहरा धरला आणि खिडकीकडे वळवला. "बघ, तुला राष्ट्राध्यक्ष होता येईल," ती म्हणाली. जेनी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडली. एर्लिंडालाही रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं हे तिने नंतर ओरालियाला मुद्दाम सांगितलं.

मग बाकीच्यांची पत्रं यायला लागली. पहिलं पत्र शाळेच्या बसचालकाला आलं. दुसरं इराकहून दोनदा जाऊन आलेल्या एका सैनिकाला. दिवाळं निघाल्यासारखे लोक जुन्या ट्रंका उपसू लागले, बारशाचे फोटो, पहिलीची प्रगतिपुस्तकं. काहींचं भागलं, काहींचं नाही. चर्चमध्ये एर्लिंडाच्या बाकावर तिच्या शेजारी कुणी बसेनासं झालं. बाजारात एका बाईने तिला ऐकू जाईल असं म्हटलं की म्हातारीने मरायच्या आधी सगळ्यांना पलीकडे ढकललं. ती बाई जन्मताना पायाळू होती, दोन दिवस लागले होते. चुय तेवढा एकदा दारात आला आणि टोपी काढून म्हणाला, "दोन्या, मला काही पत्र आलं नाही. मला कुठे जायचंय?" तिने त्याला घेवडा वाढला.

काहीजण अजूनही यायचे, नव्याने लिहून द्या म्हणायचे. ती प्रत्येकाला लिहून द्यायची, कोणत्या घरात, कोणत्या खाटेवर, बाहेर कोण लाकडं फोडत होतं, सगळं. ते कागद परत यायचे.

ओरालियानेही पासपोर्टचा अर्ज केला होता. तिचा दातांचा डॉक्टर पलीकडे होता. पत्र नोव्हेंबरात आलं, एका मंगळवारी दुपारी. तिने ते उभ्यानेच वाचलं, मग खुर्ची ओढून आईच्या समोर बसली आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

ओरालियाच्या दाखल्यावर आईच्या रकान्यात एर्लिंडाचं नाव होतं आणि सुईण म्हणूनही एर्लिंडाचंच. १९६१ साली नवरा बीट उपटायला मिशिगनला गेलेला होता. कळा सकाळी अकराला आल्या आणि इतक्या भराभर की कुणाला हाक मारायलाही सवड झाली नाही. या गावातल्या प्रत्येकीच्या उशाशी जी बसली, तिच्या उशाशी कुणी नव्हतं. याच घरात, याच स्वयंपाकघराच्या फरशीवर तिने स्वतःचं पोर स्वतःच्या हाताने घेतलं, नाळ कापली आणि दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला. बापाचा जन्म पलीकडचा, त्यामुळे त्याच्याकडून काही येत नव्हतं. तिची स्वतःची नोंद म्हणजे मावशीच्या हातची एक चिठ्ठी, तीही १९३३ च्या वादळात गेली, म्हणून आईकडूनही काही सिद्ध करता येत नव्हतं. ओरालियाकडे होता तो हाच एक कागद.

कचेरीला आता शपथपत्र हवं होतं. जन्माच्या वेळी प्रत्यक्ष हजर असलेल्या माणसाचं, दाखल्यावर सही करणारी सुईण सोडून.

ओरालिया चिडली नाही. रागावण्याच्या पलीकडे गेलेल्या माणसासारखं ती शांतपणे बोलत होती. तिने पत्र टेबलावर सरळ केलं आणि पेन घेतलं.

"आई, आठवून सांग. तेव्हा तिथं कोण कोण होतं?"

"मी होते."

"तू सोडून."

एर्लिंडाने आठवून बघितलं. ती खोली, ती फरशी, दार लोटलेलं. तिने पुन्हा एकदा नीट आठवून बघितलं.

"तू होतीस," ती म्हणाली.